सूज उतरली

रंजनाला तुम्ही मारलंत.

दाढेनं नाही, नशिबानं नाही, आणि तुमच्या चौकशी अहवालात छापलंय तसं ‘सहायिकेने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे’ तर अजिबात नाही. तुम्ही. तुम्ही एक आहात की दहा, पुण्यात बसता की दिल्लीत, मला माहीत नाही. अहवालाखाली नाव नाही, नुसता आठ आकडी क्रमांक आहे. क्रमांकाला तोंड नसतं, म्हणजे दाढही नसणार. तुमचं बरं आहे.

ती सहायिका मी. सुनंदा सकपाळ, मुक्काम पिंपरवणे. रंजना माझी पाठची बहीण. एकाच मांडवात आम्ही दोघी दोघा भावांना दिलेल्या, म्हणून सख्खी जाऊसुद्धा. सतरा वर्षं एका चुलीवर रांधलं, पण तिनं मला जाऊबाई कधी म्हटलं नाही. ताईच म्हणायची. माझा नवरा कामाला मुंबईत. तिचा नवरा भास्कर गावची लाँच चालवतो. पिंपरवण्याला रस्ता नाही. तीन बाजूंना धरणाचं पाणी, चौथ्या बाजूला राखीव जंगल, त्यात तुम्हीच आणून सोडलेले वाघ. लाँच सकाळी आठला सुटते आणि दुपारी तीनला. पलीकडच्या धक्क्यावरून जीपनं तालुका, आणि तालुक्याहून घाट उतरून तीन तासांवर जिल्ह्याचं मोठं रुग्णालय.

आधी महिन्यातून दोन मंगळवारी तालुक्याचे डॉक्टर हेरवाडकर लाँचनं यायचे. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकायचे, कपाळाला बॅटरी बांधायचे, आणि बायांना म्हणायचे, “आ कर. अजून कर. नवऱ्यावर ओरडताना करतेस तेवढा कर.” बाया हसायच्या, हसताना तोंड उघडायचं, तेवढ्यात दाढ बाहेर.

सन दोन हजार अडतीसला दात तपासणारी सरकारी पेटी आली. त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा जिल्ह्यात एका बोगस दातवाल्यानं एकाच सुईनं पंचवीस-तीस माणसांना कावीळ लावली होती. तुम्हाला निमित्त मिळालं. कायदा केलात, की पेटीनं क्रमांक दिल्याशिवाय कुणी कुणाच्या तोंडात हत्यार घालायचं नाही. घातलं तर परवाना रद्द आणि वर गुन्हा. हेरवाडकरांचे मंगळवार ‘अनावश्यक’ ठरले. माझी नेमणूक झाली. दहा दिवसांचं प्रशिक्षण, निळी साडी, भिंतीला टांगायला प्रमाणपत्र. गाव मला पेटीताई म्हणायला लागलं. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं.

पेटी म्हणजे शिलाई मशीनएवढं पांढरं कपाट. ते तीन गोष्टींवरून निर्णय करतं. एक कॅमेरा, नळीच्या टोकाला बसवलेला, तो तोंडात फिरवायचा. दुसरी थुंकीची पट्टी. तिच्यावर थुंकीतले जंतू आणि शरीरानं जंतूंशी भांडताना सोडलेली रसायनं मोजली जातात. तिसरं, माणसाचं बोलणं. किती दुखतं, कधीपासून, ठणका आहे की कळ, सूज वाढली की कमी झाली. तिन्हींना गुण, गुणांवरून रंग. लाल चिठ्ठी निघाली तर अर्ध्या तासात सरकारी वेगवान लाँच, पलीकडे रुग्णवाहिका, रुग्णालयात खाट तयार. पिवळी निघाली तर आठ दिवसांत डॉक्टर. हिरवी निघाली तर क्रमांक नाही, घरी बसा, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा.

मी पेटीला सरसकट नावं ठेवणार नाही. कोंडाबाईच्या जिभेखालचा पांढरा चट्टा तिनं पहिल्याच वर्षी पकडला. आज कोंडाबाई जिवंत आहे, आणि दोन्ही वेळा मिश्री लावते, कुणाचं ऐकत नाही. पेटीला डोळा होता. पण डोळा चालेना झाला की ती काय करते, हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगते. एक गोष्ट मिळाली नाही तर ती थांबत नाही. त्या गोष्टीचे गुण उरलेल्या दोहोंत वाटून टाकते आणि पुढं जाते.

रंजनाची दाढ शुक्रवारी दुखायला लागली. खालची, उजवीकडची, शेवटची. तिनं लवंग धरली, कापूर धरला, मिश्रीची चिमूट दाबली. शनिवारी गाल फुगला. भास्कर म्हणाला, “एका गालात लाडू लपवलास काय गं?” ती हसायला गेली आणि कळवळली. रविवारी सकाळी गाल जरासा बसलेला दिसला, पण हनुवटीखाली भरून आलं होतं आणि तोंड उघडेना. अकराच्या सुमाराला मी तिला पेटीपुढं बसवलं.

पेटीचा आवाज बाईचा, गोड, शहरातला. “नमस्कार. आपला त्रास आपल्या शब्दांत सांगा.”

“दाढ दुखतीया. शुक्रवारपास्नं.”

“कृपया तोंड उघडा. तीन बोटे मावतील इतके.”

रंजनाचं तोंड एक बोटसुद्धा उघडेना. नळी दातांवर आपटून परत आली.

“प्रतिमा उपलब्ध नाही. पुढे जाऊ या.”

पट्टीवर थुंकी घेतली. त्यात विशेष काही निघालं नाही. का निघालं नाही, ते पुढं सांगते.

“सूज आहे का?”

“गालाव हुती. आता सूज उतरली, गळ्यात.” शेवटचा शब्द बंद दातांमागं घोटाळला. मला ऐकू आला, कारण मी सतरा वर्षं तिचं बोलणं ऐकत होते.

“सूज उतरली आहे. बरोबर?”

रंजनानं माझ्याकडं बघितलं. “व्हय. उतरली.”

“सहायिकेने तपासून खात्री करावी. सूज उतरली आहे?”

मी तिच्या जबड्याखाली हात घातला. कानापासून हनुवटीपर्यंत लाकडी पाटासारखं घट्ट लागलं. गरम. सूज खाली आली होती यात शंकाच नव्हती. मी म्हणाले, “हो. उतरलीय.”

आम्ही लाँचमधून धक्क्यावर उतरतो, घाट उतरतो, गुरं पाण्याला उतरतात, मग सूज गळ्यात उतरते. आमच्यात सूज जिरते किंवा वसरते. उतरली म्हटलं की माणूस पुढं विचारतो, कुठं उतरली? तुमच्या पेटीनं विचारलं नाही. ताप उतरतो तशी सूज उतरली, असं तिनं धरलं. प्रश्न मराठीत, उत्तर मराठीत, दोघींनी खरं सांगितलं आणि कागदावर खोटं उमटलं.

हिरवी चिठ्ठी सरकन बाहेर आली. “आपली प्रकृती सुधारत आहे. पुढील तपासणी अठ्ठेचाळीस तासांनी.”

“सुधारतीया म्हनं,” रंजना दातांतूनच म्हणाली. “ताई, तिला म्हनावं, ये, माझ्या अंथरुनात नीज एक रात.”

मी हसले. म्हटलं, “आगं, थुकीत बी काय न्हाई निगालं. मशीनला कळतं.”

सोमवारी सकाळी आठला भास्कर लाँचचा दोर सोडायच्या आधी घरी आला. “वैनी, हिला घेऊ का संगं? रातभर बसून हाय. आडवी झाली की घुसमटती म्हनती.”

“हिरवी हाय, भावजी. हेरवाडकर हात लावनार न्हाईत. जिल्ह्याला हिरवीवाल्याला दोन-दोन दिवस बाकड्याव बसवत्यात. त्यापरीस घरात शेक तरी मिळंल. उद्या अकराला पेटी परत बघंल.”

“तू म्हनशील तसं. पेटी तुजी हाय.” असं म्हणून तो गेला. टोमणा नव्हता. विश्वासानं म्हणाला.

दुपारी तिला चहा गिळेना. बशीतला चहा ओठावरून पदरावर आला. आवाज बदलला होता, तोंडात गरम भजं धरून बोलावं तसा. मी धावत जाऊन पेटी चालू केली. “फेरतपासणीस वीस तास शिल्लक.” परत चालू केली. परत तेच. मी पडद्यावर थापा मारल्या. बाहेर आले तर तीनची लाँच सुटून पाण्यात वीस-पंचवीस वाव गेली होती. भास्करची पाठ दिसत होती. मी हाक मारली असती तर लाँच वळली असती. नाही मारली. हातातली चिठ्ठी हिरवी होती आणि तीन वर्षांत पेटीचं एकही म्हणणं मी मोडलं नव्हतं. हे माझं पाप आहे. ते मी कुणावर ढकलत नाही. पण माझ्या पापाआड तुम्हाला लपू देणार नाही.

तिच्या गळ्यात त्या वेळी काय चाललं होतं, ते मी नंतर वाचून काढलं. शब्द अडला तर हेरवाडकरांना विचारलं. खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला एक पातळ स्नायू आडवा ताणलेला असतो, झोळीसारखा. जीभ त्याच्यावर असते. पुढच्या दातांची मुळं त्या झोळीच्या वर संपतात, तिथला पू तोंडात फुटतो, घाण चव येते आणि माणूस सुटतो. शेवटच्या दाढांची मुळं झोळीच्या खाली जातात. तिथं हाड कागदासारखं असतं. ते फोडून पू बाहेर आला की तोंडात येतच नाही, गळ्याच्या थरांत शिरतो. म्हणून थुंकीत काही सापडत नाही. जागा भरली की तो झोळीला खालून वर ढकलतो, झोळी जिभेला ढकलते, आणि जीभ मागं सरकून श्वासाच्या वाटेवर बसते. जबड्याचे स्नायू आखडलेले असतात, म्हणून तोंड उघडत नाही. म्हणजे ज्या माणसाचं तोंड उघडत नाही आणि थुंकी साफ आहे, तोच सगळ्यांत मोठ्या धोक्यात असतो. आणि त्याच माणसाला तुमची पेटी डोळा मिटून, थुंकी बघून, एका क्रियापदावर सोडून देत होती.

मंगळवारी पहाट फुटली तेव्हा रंजना उंबऱ्यावर पुढं वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. लाळ धारेनं गळत होती. गळा आणि हनुवटी एक झाली होती. भास्करनं आठची वाट बघितली नाही. सव्वासहाला इंजिन चालू केलं. पाण्यावरून जाताना तिनं माझा हात धरला होता आणि प्रत्येक श्वासाला तिची बोटं आवळत होती. त्यावरून मी श्वास मोजत होते.

हेरवाडकर दवाखान्याच्या पायरीवर दात घासत उभे होते. सत्तरी गाठलेला माणूस. रंजनाला जीपमधून उतरवताना बघितलं आणि त्यांनी ब्रश टाकून दिला.

“हे कधीपासून?”

“शुक्रवारपास्नं. पेटीनं हिरवी दिली डॉक्टर, रविवारी.”

“हिरवी?” ते माझ्या अंगावरच आले. “आंधळी आहेस का गं? ही दाढ राहिली नाही आता, हा गळा आहे. हिला हवा पाहिजे. नळी पाहिजे. ती माझ्याकडं नाही. तुमच्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी माझं कपाट सील केलं.”

त्यांनी रुग्णवाहिका केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता. “सर, रुग्णाचा रंग हिरवा दिसतोय. सूज उतरल्याची नोंद आहे. लाल झाल्याशिवाय मला गाडी सोडता येत नाही. जवळच्या पेटीवर फेरतपासणी करून घ्या, मी लाइनवर थांबतो.”

“अरे, ती मरायला लागलीय!”

“सर, तसं असेल तर पेटी लगेच लाल देईल.”

जवळची पेटी रस्त्यापलीकडच्या आरोग्य केंद्रात. रंजनाला दोघांनी उचलून नेलं. अठ्ठेचाळीस तासांचं कुलूप डॉक्टरच्या अंगठ्यानं उघडलं, एवढं बरं.

“नमस्कार. आपला त्रास आपल्या शब्दांत सांगा.”

रंजनाच्या घशातून घरघर आली.

“आपला आवाज स्पष्ट नाही. कृपया पुन्हा सांगा.”

“सूज वाढलीया!” मी ओरडले. “जीव घुसमटतोय तिचा!”

“हा आवाज नोंदणीकृत रुग्णाचा नाही. रुग्णाने स्वतः उत्तर द्यावे.”

भास्कर खाली बसून तिच्या कानात म्हणाला, “रंजे, येकदा बोल. नुसतं वाढली म्हन. येकच शबुद. बोल की गं.” तिनं ओठ हलवले. जीभ वर टाळूला चिकटलेली. भाकरीचं पीठ मळतानासुद्धा जिचं तोंड थांबायचं नाही, त्या बाईनं एका शब्दासाठी तोंड हलवलं आणि शब्द आला नाही.

“उत्तर प्राप्त झाले नाही. पूर्वीचा निर्णय कायम आहे.”

हेरवाडकरांनी फोन भिंतीवर फेकला. केंद्रातल्या नर्सकडून पातं घेतलं. भास्करला म्हणाले, “धर घट्ट.” मला म्हणाले, “तू बाहेर जा.” मी गेले नाही. त्यांनी हनुवटीखाली दोन बोटं लांब चीर दिली. पू फार आला नाही, पाण्यासारखं काहीतरी आलं आणि कुजका वास खोलीभर पसरला. तिचा श्वास जरा मोकळा झाला. “जीप काढ,” डॉक्टर म्हणाले. “घाट उतरलो तर आशा आहे. मी येतो.”

घाटातल्या चौथ्या वळणावर, जिथं करवंदाच्या जाळ्या रस्त्यावर आल्यात, तिच्या बोटांनी माझा हात आवळायचं थांबवलं. हेरवाडकरांनी जीपमध्येच तिच्या गळ्याच्या पुढच्या भागात पातं घातलं, वाट शोधली. सापडली नाही. सूज इतकी की गळ्यात गळाच सापडेना. सकाळचे साडेनऊ वाजले होते. तारीख पाच मार्च.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच केलंत. डॉक्टर हेरवाडकरांवर गुन्हा, क्रमांकाशिवाय हत्यार वापरल्याबद्दल. परवाना गेला. पेटीवर गुन्हा नाही. मला चौकशीला बोलावलं, भास्करलाही. टेबलावर यंत्र ठेवून तुमच्या माणसानं रविवारची ध्वनिफीत लावली. आधी रंजनाचा आवाज, जिवंत. “व्हय. उतरली.” मग माझा, खणखणीत, पेटीताईचा. “हो. उतरलीय.”

“दोनदा विचारलं, दोनदा खात्री केलीत,” तुमचा माणूस म्हणाला. “यंत्रानं आणखी काय करायला हवं होतं?”

“सूज खाली आली असं म्हणाले मी. कमी झाली असं नाही.”

“मग तसं सांगायचं. शुद्ध मराठीत.”

परतीच्या लाँचमध्ये मी भास्करजवळ जाऊन बसले. म्हटलं, “भावजी, मला काय म्हनायचं हुतं ते तुमाला तर कळतंय न्हवं?”

तो पाण्याकडं बघत म्हणाला, “कळतंय. पन मी सोमवारी इचारलं हुतं तुमाला.”

तुमाला. सतरा वर्षं मला वैनी म्हणून अगं-तुगं करणारा दीर. त्या दिवसापासून तो मला ‘तुम्ही’ म्हणतो, ताट वाढलं तर ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणतो. तिकडं माझा नवरा फोनवर म्हणतो, पेटीचं काम सोड. इकडं गावातल्या बाया दात दुखला तरी माझ्या दारावरून पुढं जातात. परवा एकीनं पक्कडीनं स्वतःची दाढ उपटली, जबड्याचा तुकडा आला. तेही ‘सहायिकेच्या चुकीमुळे’ असेल तर तसं कळवा.

पण हे सगळं सांगायला मी लिहायला बसले नाही. रडायचं ते मी रडून घेतलं. मी लिहायला बसले, कारण नऊ मार्चला, रंजनाच्या पाचव्या दिवशी, पेटीनं स्वतःला नवं केलं. दर वेळी करते तसं पडद्यावर परिपत्रक आलं. आम्ही सहायिका ते न वाचता ‘मान्य’ दाबतो. त्या दिवशी मी वाचलं. सहाव्या कलमात लिहिलं होतं, ‘बोलीभाषा सुधारणा: उतरणे या क्रियापदाचा स्थानदर्शक अर्थ समाविष्ट. सूज उतरली असे उत्तर आल्यास कुठे, असा उपप्रश्न विचारला जाईल. तोंड उघडत नसल्यास किमान पिवळा.’

मला वाटलं, चला, रंजना गेली पण निदान चार दिवसांत शहाणपण आलं. मग खालची बारीक ओळ वाचली. ‘तक्रारी: तीन तालुके. सुधारणा तयार: १४ ऑगस्ट. लागू: ९ मार्च.’

चौदा ऑगस्ट. म्हणजे रंजनाची दाढ दुखायच्या साडेसहा महिने आधी तुम्हाला ठाऊक होतं. आमच्या आधी तीन तालुक्यांतली माणसं ओरडली होती. तुम्ही ऐकलंत, दुरुस्ती लिहिलीत, तपासलीत, आणि कपाटात ठेवलीत. मी मदतवाहिनीला फोन केला. एक पोरगी बोलली, नवी असावी, कारण खरं बोलली. म्हणाली, “मॅडम, ती आधी लावली असती तर लाल-पिवळ्या चिठ्ठ्या एकदम वाढल्या असत्या. तेवढ्या लाँचा आणि गाड्या नव्हत्या ना. नवीन गाड्या मार्चमध्ये आल्या.” मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं फोन ठेवला.

म्हणजे पेटी चुकली नाही. पेटी चुकते हे तुम्ही मोजून बघितलंत आणि तुमच्या गाड्यांना ती चूक परवडत होती.

आता मला शुद्ध मराठी शिकवू नका. माझी नेमणूक रद्द करा, गुन्हा घाला, मी तयार आहे. प्रत्येक पेटीत प्रत्येक माणसाचा शब्द साठलेला असतो, हे तुम्हीच आम्हाला प्रशिक्षणात अभिमानानं सांगितलं होतं. तेव्हा शोधायला तुम्हाला पाच मिनिटंही लागणार नाहीत. चौदा ऑगस्टपासून नऊ मार्चपर्यंत, सगळ्या जिल्ह्यांत मिळून, किती माणसांनी ‘सूज उतरली’ असं सांगून हिरवी चिठ्ठी घरी नेली? आणि त्यातली आज किती जिवंत आहेत?